भरतकामाची पारख : आधी कापड उलटून पाहा

गणेशोत्सव जवळ आला की चिंचपोकळी-लालबाग परिसरात पितांबर, जरीचे शेले आणि खड्यांच्या किनारी यांची चर्चा सुरू होते. चिंचपोकळी सार्वजनिक उत्सव मंडळाची स्थापना १९२० मधील. त्याचा 'चिंतामणी' मुंबईभर प्रसिद्ध आहे. मूर्तीला खरेखुरे वस्त्र नेसवून ते सजवण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. मूर्तीचे वस्त्र समोरून शोभले की पुरते. अंगावरच्या वस्त्राला मात्र घाम, धुणे आणि इस्त्री सोसावी लागते. म्हणूनच सणासुदीला भरजरी कपडा घेताना तो आधी उलटून पाहावा. काम हाताचे की यंत्राचे, शिवलेले की चिकटवलेले, हे बहुतेक वेळा मागील बाजूच सांगते.

विणकाम की भरतकाम?
विणून तयार झालेल्या कापडावर सुईदोऱ्याने केलेली नक्षी म्हणजे भरतकाम. पैठणीच्या पदरावरील मोर हे भरतकाम नव्हे. ते मागावरच विणले जातात. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबताना आढळतात.

कसुती
सोलापूर-कोल्हापूरकडे परिचित असलेल्या इरकली साडीवरील कसुती ही मूळ धारवाड भागातील कला. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. नक्षी आखून न घेता कापडाचे धागे मोजून टाके घातले जातात आणि दोऱ्याला गाठ मारली जात नाही. गवंतीत जाताना धावदोरा घालायचा आणि परतताना मोकळ्या जागा भरायच्या. त्यामुळे नक्षी दोन्हीकडून सारखीच उमटते.

जरदोजी आणि आरी
जरदोजीसाठी कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. दबका, सलमा अशा धातूच्या तारेच्या स्प्रिंगसारख्या नळ्या कापून मण्यांप्रमाणे ओवल्या आणि टाचल्या जातात. आरी ही आकडी असलेली सुई असून तिने वर साखळी टाका उमटतो. मागे मात्र सरळ टिपेसारखी रेघ दिसते. साखळी टाका घालणारी यंत्रेही आहेत. त्यामुळे केवळ साखळी दिसली म्हणून काम हाताचे समजू नये. हाताच्या कामात टाक्यांचे माप थोडेफार कमीजास्त असते.

यंत्राचे भरतकाम
स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोबली यांनी १८६३ मध्ये शिफ्ली यंत्र शोधले. 'शिफ्ली' म्हणजे छोटी होडी. यंत्रातील धोट्याच्या आकारावरून हे नाव पडले. समोरून सुईचा आणि मागून धोट्याचा असे दोन दोरे त्यात एकमेकांत अडकतात. आजच्या संगणकीय यंत्रांतही वर एक आणि खाली बॉबिनचा एक असे दोन दोरे असतात. मागे वेगळ्या रंगाचा, बहुधा पांढरा बारीक दोरा व कागदासारख्या अस्तराचे अवशेष दिसले, तर काम यंत्राचे समजावे.

चिकटवलेली सजावट
मागे दोराच नसेल तर खडे किंवा टिकल्या चिकटवलेल्या आहेत. अनेक खड्यांचा गोंद उष्णतेने वितळवून बसवलेला असतो. त्यावर थेट इस्त्री फिरवली की ते सुटू शकतात.

निगा
धातूच्या तारेचे काम दमटपणाने काळवंडते. ते घरी धुऊ नये, त्यावर अत्तर फवारू नये. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि अधूनमधून घडी बदलावी.

किमतीचा प्रश्न
यंत्राचे काम कमअस्सल नसते. पण ते हाताचे म्हणून विकले गेले तर ग्राहक फसतो आणि कारागिराची मजुरीही घसरते. स्वस्त हातकामामागेही काही वेळा शोषण दडलेले असते. २००५ मध्ये मुंबईतील जरीकामाच्या कारखान्यांवर छापे घालून बालकामगारांची सुटका करण्यात आली होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना अशा कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी आहे. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत : काम कशाने केले आणि कोणी केले?