बेटाबाहेरचा रविवार

घारापुरीच्या राजबंदराजवळ एके काळी काळ्या दगडाचा एक भलाथोरला हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये त्याची मान तुटली, पुढे धडही ढासळले. १८६४ मध्ये त्याचे अवशेष समुद्रावरून मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्याला पाहायला लोक होडीने जात, तो अखेर स्वतःच मुंबईला आला आणि इथलाच होऊन राहिला. बागेतले पेंग्विन पाहायला धावणाऱ्या गर्दीचे त्याच्याकडे फारसे लक्ष नसते, ही गोष्ट वेगळी.

मुंबई हे बेट आहे, हे मुंबईकराला पावसाळ्यात रूळ बुडाले की आठवते. पण दोनशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला ते रोज जाणवत असे. शीवच्या पलीकडे खाडी, माहीमच्या पलीकडे खाडी आणि त्या पल्याड साष्टी हा परका मुलूख. आधी पोर्तुगिजांचा, १७३९ नंतर मराठ्यांचा आणि १७७४ पासून इंग्रजांचा. अशा ठिकाणी उगाच गंमत म्हणून कोण जाणार? जो जाई, त्याच्याकडे होडी, नोकरचाकर आणि रिकामा वेळ असे.

असा वेळ असलेल्यांपैकी एक म्हणजे गार्सिया द ऑर्ता. हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य. सोळाव्या शतकात मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. घारापुरीची लेणी त्याने पाहिली आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरच्या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहूनही ठेवले. पुढे मुंबईत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक युरोपीय पाहुण्याला घारापुरी दाखवणे हा शिरस्ताच पडला. १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज आले, तेव्हा तर शिवाच्या त्या लेण्यात टेबलखुर्च्या मांडून त्यांना मेजवानी देण्यात आली. साहेबाच्या कल्पकतेला दाद द्यावी की त्याच्या उद्धटपणाची चीड यावी, हे ज्याने त्याने ठरवावे. आजूबाजूच्या साध्या माणसांची घारापुरीची वाट मात्र वेगळी होती. ते महाशिवरात्रीच्या जत्रेला जात. त्यांच्या लेखी ती सहल नव्हती, देवदर्शन होते; पण नटूनथटून, डबा बांधून, मुलाबाळांसह होडीत बसणे यात सहलीचे काय कमी होते?

बेटाचे कुंपण मोडले ते बांधांनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकन यांच्या काळात शीवचा बांध झाला आणि साष्टीतली कान्हेरीची लेणी टप्प्यात आली. माहीमची खाडी मात्र आणखी चाळीस वर्षे होडीनेच ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम होते. सरकार खर्चाला तयार होईना. शेवटी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. आवाबाईंनी वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरीला, नवस केला होता, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, सप्टेंबरातल्या मोतमाउलीच्या जत्रेला मुंबईतून चालत जायची सोय या बाईंनी केली, एवढे नक्की. या जत्रेत हिंदू, पारशी, ख्रिस्ती सगळेच मेणबत्त्या घेऊन डोंगर चढतात.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन निघाली. या ऐतिहासिक दिवशी गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मुंबईत नव्हते. उकाड्याला कंटाळून ते आदल्या दिवशीच डोंगरावर निघून गेले होते. हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वेपेक्षा साहेबाला थंड हवा प्यारी! हा शौक लवकरच शेटजींनाही लागला. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानला चढून गेले होते. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागल्यावर खंडाळा-लोणावळ्याला बंगले उठले आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळ ते माथेरान अशी २१ किलोमीटरची छोटी गाडी सुरू केली. इकडे विरारपर्यंतचा रूळ १८६७ मध्ये बॅकबेपर्यंत येऊन पोचला. १८६० मध्ये बांधून झालेला विहार तलाव मुळात शहराची तहान भागवण्यासाठी होता, पण त्याच्या काठावर शिकारी आणि मासेमारीचे शौकीन रमू लागले.

आता प्रश्न असा की हे सगळे पाहायला गिरणी कामगाराने जायचे कधी?

१८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली. त्यानंतर गिरणगावात माणूस उजाडता कामावर जाई आणि दिवे लागणीला घरी येई. आठवड्याच्या सुटीची पद्धत नव्हती. सणावाराला किंवा यंत्रे साफ करायला गिरणी बंद राहील तेवढीच उसंत. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत नोकरीला होते. पुढे ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत आले आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक झाले. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या: दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि कामात जायबंदी झालेल्याला भरपाई. मालकांनी दाद दिली नाही. लोखंडे चिवट होते. रविवार हा खंडोबाचा वार, असा दाखलाही त्यांनी दिला, असे सांगतात. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजारांवर कामगार जमले; त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी आली.

मुंबईच्या सहलीच्या इतिहासात कान्हेरी आणि घारापुरीपेक्षा १० जून १८९० ही तारीख मोठी आहे. तोवर बाहेर पडणे हा ऐपतीचा मामला होता. इथून तो निदान कागदोपत्री हक्काचा झाला. अर्थात रविवार मिळाला म्हणून कोणी लगेच डोंगर चढायला धावले नाही. कामगाराचा रविवार भजनात, आखाड्यात, तमाशात जाई. फार तर पोरांना घेऊन चौपाटी किंवा १८६२ मध्ये उघडलेली राणीची बाग. ती गिरणगावाच्या उंबऱ्यावरच होती आणि मुंबईच्या कष्टकऱ्याची पहिली सहल तिथेच झाली, असे म्हणायला हरकत नाही.

कोकणातून आलेल्या चाकरमान्याचे मन मात्र समुद्राकडे असे. भाऊच्या धक्क्यावरून रेवस गाठले की अलिबाग जवळ. याच बाजूच्या किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. मुंबईकराच्या समुद्रापलीकडच्या मुक्कामाचे एवढे मोठे फळ दुसरे सापडणार नाही. पण हा जलमार्ग निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारीच्या सुमारास, रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून काढतात.

स्वातंत्र्यानंतर सहल आली ती शाळांच्या बसमधून. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत वसली. तिथला छोटा काश्मीर, बाटल्यांत भरले जाणारे दूध आणि बोरिवलीच्या उपवनातली वनराणी ही झुकझुकगाडी कित्येक पिढ्यांनी पाहिली. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि पुन्हा एकदा होडीत बसून मौजेला जायची सवय लागली.

या सगळ्यात एक खोड दिसते. मुंबई आपल्या सहलीच्या जागा टिकवत नाही, त्या राहायला घेते. पवईचे रान गेले, तिथे टॉवर आले. जुहूची निवांत वाळू गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात पाडली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०३ चौरस किलोमीटर जंगल उरले, ते कायद्याच्या कुंपणामुळे. सहलीची जागा मग आणखी पुढे सरकते: कर्जत, अलिबाग, मुरबाड.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. घारापुरी आता पुलावरून जाताना दिसते. उघडला तेव्हा मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये होता. आवाबाईंच्या माहीमच्या रस्त्यावर आजही टोल नाही.