सिकलसेल रक्तचाचणीचा इतिहास : विशेष संदर्भ खानदेश

मुक्ताईनगरपासून पश्चिमेस अक्कलकुव्यापर्यंतच्या खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी, तडवी, भिल्ल व पावरा समाजांची मोठी वस्ती आहे. या भागात आढळणारा सिकलसेल हा आजार पुरातन असला तरी त्याची ओळख प्रयोगशाळेनेच करून दिली. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसद्वारे हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये, तर १९५८ मध्ये मध्य भारतात त्याची नोंद झाली.

ग्रामीण भागात रूढ झाली ती मात्र स्वस्त व सुलभ अशी विद्राव्यता चाचणी. सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात रक्त मिसळले असता सदोष हिमोग्लोबिनमुळे ते गढूळ होते व नळीमागील रेषा दिसेनाशा होतात. परंतु वाहक आणि रुग्ण या दोघांचेही द्रावण गढूळच होते. हा भेद केवळ तांत्रिक नव्हे. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. त्याला रुग्ण ठरविल्यास, विशेषतः मुलीच्या विवाहात, अकारण अन्याय होतो. याउलट दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच गढूळ नमुन्याची इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसीद्वारे निश्चिती अपरिहार्य ठरते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. नवजात अर्भकांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असल्याने तेथे विद्राव्यता चाचणी उपयोगी पडत नाही.