चिमूर लोकसभा मतदारसंघ : इ. स. १९६७ ते २००८

सनदा, महजर व करीने यांच्या शोधांत गढलेल्या आमच्या वाचकांस लोकसभेच्या मतदारसंघाचा वृत्तांत हा आपला विषय वाटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु दोन गांवांच्या शिवेच्या तंट्याचा महजर ज्या आस्थेनें आपण वाचतों, त्याच आस्थेस मतदारसंघांच्या सीमानिर्धारणाचा हुकूमही पात्र आहे. अमुक मौजे कोणाच्या वांट्यास, हाच प्रश्न दोहोंत असतो.

चांदा व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत अशा हुकुमानें जन्मलेला व अशाच हुकुमानें संपलेला मतदारसंघ म्हणजे चिमूर. त्याच्या सभासदांची यादी मिळविणें अवघड नाहीं. परंतु त्या यादीपेक्षां त्याच्या सीमा व नांव हींच अधिक बोलकीं आहेत, असें आमचें मत असून तें साधार मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अशा लेखनाचा प्रघात इंग्लंडांत जुना आहे. तेथें १८७२ पावेतों मतदान उघड चाले व कोणी कोणास मत दिलें याच्या वह्या छापून निघत. त्यांच्या आधारें तेथील संशोधकांनीं एकेका नगराच्या मतदारसंघाचा इतिहास रचला. ओल्ड सॅरम हें ओसाड स्थळ १८३२ पावेतों पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत असे, हें प्रसिद्धच आहे. स्वतंत्र भारतांत मतदान प्रथमपासूनच गुप्त असल्यानें तशा वह्या आपल्याकडे नाहींत. आपणांस सीमेचा हुकूम, मतदारांची यादी व निकालाचा तक्ता एवढ्यांवरच मुख्यतः भिस्त ठेविली पाहिजे.

१. पूर्वपीठिका

नागपूरकर भोंसल्यांचें राज्य खालसा झाल्यावर १८५४ सालीं चांदा प्रांत इंग्रजांकडे गेला. पुढें कायदेमंडळें आलीं, मताधिकार आला. पण तो कर, मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून असल्यानें अरण्यांतील प्रजेपैकीं फार थोड्यांच्या वांट्यास आला. शिवाय १९३५ च्या कायद्यास अनुसरून १९३६ सालीं जो हुकूम निघाला, त्यानें या जिल्ह्याचा मोठा भाग ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरविला. प्रांतिक कायदेमंडळाचा कायदा तेथें आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरानें तसें फर्माविलें तरच होई.

त्या हुकुमांतील नांवें संग्राहकांनीं टिपून ठेवावीं अशीं आहेत. सिरोंचा तहसिलींतील अहेरी जमीनदारी, आणि गडचिरोली तहसिलींतील धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगांव, कोटगल, मुरुमगांव, पळसगड, रांगी, सिरसुंडी, सोनसरी, चांदाळा, गिलगांव, पाईमुरांडा व पोटेगांव या जमीनदाऱ्या, मिळून सोळा. १९५० सालीं अनुसूचित क्षेत्रांचा हुकूम निघाला त्यांतही हींच नांवें आलीं. १९५१ सालीं जमीनदाऱ्या गेल्या, तरी त्यांचीं नांवें सरकारी कागदांत सीमेच्या खुणा म्हणून उरलीं.

२. एक मुलूख, तीन राज्यें

प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. तेव्हां चांदा मध्यप्रदेशांत होतें. १९५७ सालीं तें द्वैभाषिक मुंबई राज्यांत होतें व १९६२ सालीं महाराष्ट्रांत. म्हणजे चांद्याच्या मतदारानें आपलें गांव न सोडतां लागोपाठ तीन निवडणुकींत तीन राज्यांचा रहिवासी म्हणून मत दिलें. पहिल्या दोन निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिजवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. पुढें एकाच कागदावर शिक्का मारण्याची रीत आली.

१९५२ सालीं चांद्याहून काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली व १९५७ सालीं त्याच पक्षाचे व्ही. एन्. स्वामी निवडून आले. १९६२ सालीं मात्र लाल श्यामशाह हे अपक्ष विजयी झाले. हे पानाबारसच्या जमीनदार घराण्यांतील. तें ठिकाण आज छत्तीसगडांत मोडतें. राज्याची सीमा ओलांडून अरण्यांतील माणसांचा संबंध कसा पसरलेला होता, याचें हें एक प्रत्यंतर होय. मुदत पुरी होण्यापूर्वींच त्यांनीं राजीनामा दिला व १९६४ च्या पोटनिवडणुकींत ताई कन्नमवार निवडून आल्या.

३. चिमूरचा काल

१९६७ च्या निवडणुकीस चांद्याच्या जोडीला चिमूर हा नवा मतदारसंघ उभा राहिला. चिमूर हें जिल्ह्याचें ठिकाण नव्हे. परंतु तें नांव उच्चारतांच १६ ऑगस्ट १९४२ चा नागपंचमीचा दिवस, बालाजी रायपूरकरांचें हौतात्म्य, सरकारी अंमलदारांची झालेली हत्या, त्यामागून आलेली लष्कराची दहशत आणि स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनीं केलेलें ६३ दिवसांचें उपोषण, हें सर्व डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या गांवावर एके काळीं सामुदायिक दंडाची व फांशीच्या शिक्षांची छाया पडली, त्याच गांवाचें नांव पंचवीस वर्षांनीं लोकसभेच्या पटावर चढलें.

या मतदारसंघांत अकरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या व सहा व्यक्ति निवडून आल्या. १९६७ सालीं रामचंद्र मार्तंड हजरनवीस; १९७१ व १९७७ सालीं कृष्णराव ठाकूर; १९८०, १९८४ व १९९१ सालीं विलास मुत्तेमवार; १९८९ व २००४ सालीं महादेवराव शिवणकर; १९९६ व १९९९ सालीं नामदेव दिवठे; आणि १९९८ सालीं जोगेंद्र कवाडे. पहिले तिघे काँग्रेसचे, शिवणकर व दिवठे भारतीय जनता पक्षाचे, कवाडे रिपब्लिकन.

यांतील दोन साल विशेष ध्यानांत घेण्याजोगे आहेत. १९७७ सालीं उत्तरेंत काँग्रेसचा पाडाव झाला व शेजारच्या चंद्रपुरासही अहेरीचे राजे विश्वेश्वरराव निवडून आले. चिमूरनें मात्र काँग्रेसचा सभासद कायम ठेविला. एका जुन्या जिल्ह्याच्या दोन भागांनीं दोन कौल दिले. १९९८ सालीं महाराष्ट्रांतून चार रिपब्लिकन सभासद लोकसभेंत गेले ते अकोला, अमरावती, उत्तर-मध्य मुंबई व चिमूर येथून. हे चारही मतदारसंघ राखीव नव्हते. ती लोकसभा तेरा महिन्यांत विसर्जित झाली, परंतु तो कौल नोंदण्यासारखाच आहे.

४. गडचिरोलीचें नांव

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि लोकसभेच्या मतदारसंघांत त्याचें नांव पुढें सव्वीस वर्षें आलें नाहीं. याचें कारण कोणा एका पक्षाची इच्छा वा अनिच्छा नव्हे. १९७१ च्या खानेसुमारीवर १९७६ सालीं ज्या सीमा आंखल्या गेल्या, त्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें गोठल्या. जिल्हा त्यानंतर जन्मला. म्हणून १९७७ पासून २००४ पावेतोंच्या सर्व निवडणुका तो अस्तित्वांत नसतांना काढलेल्या नकाशावर झाल्या.

न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगानें २००१ च्या खानेसुमारीवरून नव्या सीमा ठरविल्या व त्या १९ फेब्रुवारी २००८ पासून अमलांत आल्या. चिमूर मतदारसंघ मोडला आणि अनुसूचित जमातींसाठीं राखीव असा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ झाला. त्यांत आमगांव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी व चिमूर असे विधानसभेचे सहा विभाग तीन जिल्ह्यांतून घेतले. पैकीं पहिले चार राखीव. २००९ सालीं मारोतराव कोवासे, २०१४ व २०१९ सालीं अशोक नेते व २०२४ सालीं नामदेव किरसान तेथून निवडून आले.

येथें १९३६ ची यादी पुनः पाहावी. तिच्या आरंभीं जें अहेरीचें नांव आहे, तेंच २००८ च्या हुकुमांत विधानसभेच्या विभागाचें नांव म्हणून येतें. पूर्वीं त्या विभागास सिरोंचा म्हणत. एका हुकुमानें ज्या नांवास कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर ठेविलें, त्यास दुसऱ्या हुकुमानें प्रतिनिधित्वाच्या पटावर आणलें. मध्यें बहात्तर वर्षें गेलीं. चिमूरचें नांव मागें सरलें याचा विषाद चिमूरकरांस वाटल्यास नवल नाहीं. पण तें जोडनांवांत का होईना, टिकलें आहे, आणि त्यापुढें जें नांव आलें त्यास फार उशीर झालेला होता.

५. संग्राहकांस सूचना

‘चिमूर’ असा उल्लेख आढळल्यास तो लोकसभेचा कीं विधानसभेचा, हें प्रथम पाहावें; विधानसभेचा विभाग अद्याप आहे. ‘चांदा’ व ‘चंद्रपूर’ हे दोन मतदारसंघ समजूं नयेत. १९६७ व १९७१ च्या निवडणुका एका सीमानिर्धारणाच्या आणि १९७७ नंतरच्या दुसऱ्याच्या असल्यामुळें त्यांच्या मतांची बेरीज-वजाबाकी सीमा न तपासतां करूं नये. आणि गडचिरोली-चिमूर म्हणजे जुन्या चिमूरचेंच नवें नांव, असा समज करून घेऊं नये.

मतपत्रिका मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, व चिमूरची २००४ ची अखेरची निवडणूक तर यंत्रावर झाल्यानें तिची मतपत्रिकाच नाहीं. म्हणून गांवोगांवच्या जुन्या मतदारयाद्या, उमेदवारांचीं हस्तपत्रकें, मतदानकेंद्रांचे तक्ते व सोळा जमीनदाऱ्यांच्या दप्तरांतील गांवांच्या यादी जेथें हातीं लागतील तेथें त्या जपाव्या. आज हे कागद रद्दीच्या मोलाचे आहेत. अरण्यांतील कोणतें गांव केव्हां कोणाच्या मोजणींत धरलें गेलें, हें उद्यां सांगावयाचें झाल्यास दुसरा साक्षीदार मिळणार नाहीं.