आज्ञांची यादी कीं फीत ?
संगणकाच्या पडद्यावर आज्ञा कोठें मांडाव्या, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो; इतिहास मात्र निराळें सांगतो. १९८४ च्या मॅकिंटॉशनें माथ्यावरील शब्दांची ओळ लोकप्रिय केली. शब्द दाबावा, कीं खालीं यादी उघडे. आज्ञा वाढत गेल्या, याद्या लांबल्या. तेव्हां ऑफिस २००० मध्यें क्वचित् लागणाऱ्या आज्ञा झांकून ठेवण्याची युक्ति निघाली. ती आम्हांस कधींच रुचली नाहीं. दिवाणजीनें फडताळांतील दप्तरें रोज हलवावीं, तसा तो प्रकार! पुढें ऑफिस २००७ नें वर्डमधील याद्याच काढून चित्रांची रुंद फीत आणिली, आणि मागें परतण्याची सोय ठेविली नाहीं.

ही फीत वडूजच्या आमच्या महाविद्यालयांत पोहोंचली, तेव्हां नवख्या विद्यार्थ्यांस ती सोपी गेली. कार्यालयांतील जुन्या लेखनिकांचा हात मात्र महिनाभर अडखळत होता. पाठ झालेली जागा हीहि कमावलेली विद्या आहे, ती विचारल्यावांचून हिरावणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. लिब्रेऑफिसनें २०१७ पासून दोन्ही मांडण्या देऊन निवड वापरणाऱ्यावर सोंपविली, तें आम्हांस अधिक पटतें. एक लेखनिक मात्र मुळींच अडखळले नाहींत. ते कळफलकावरील जुन्या संकेतांनींच काम करीत, आणि ते संकेत नव्या फीतींतहि बहुतांशीं चालत होते.