जुदास ईलियट

रक्तसाक्ष्यांचीं चरित्रें आपण भक्तिभावानें वाचतों. परंतु त्यांना पकडून देणाऱ्याची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. एलिझाबेथ राणीच्या अमदानींतील अशाच एका हेराची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत. त्याचें नांव जॉर्ज ईलियट.

हा मनुष्य परका नव्हता. इंग्लंडांतील रोपर व पीटर ह्या कॅथलिक घराण्यांत त्यानें चाकरी केली होती. कोणत्या घरीं मिस्सा होते, कारभारी म्हणून वावरणारा कोण वस्तुतः धर्मगुरु आहे, हें तो जाणून होता. पुढें धनिणीच्या पैशांचा अपहार व खून असे आरोप त्याच्यावर आले, तेव्हां हीच माहिती त्यानें विकावयास काढली. सरकारास धर्मगुरु हवे होते, त्याला स्वतःची मान सोडवावयाची होती, सौदा जमला.

ता. १६ जुलै १५८१, रविवारीं, तो बर्कशायर परगण्यांतील लायफर्ड ग्रेंज ह्या वाड्यावर गेला. तेथील आचारी कूपर त्याच्या जुन्या ओळखीचा. त्यानें विश्वासानें ईलियटला मिस्सेस नेलें. येशूसंघी फा. एडमंड कॅम्पियन ह्यांनीं, जेरुसलेमसाठीं प्रभूनें ढाळलेल्या अश्रूंवर प्रवचन केलें. तें ऐकून ईलियट बाहेर पडला आणि शिपाई घेऊन परतला. दुसऱ्या दिवशीं भिंतीआडच्या गुप्त जागेंत फा. कॅम्पियन व त्यांचे दोन सोबती सांपडले.

टॉवरच्या तुरुंगांत फा. कॅम्पियन ह्यांचे अतोनात हाल झाले. खटल्यांत ईलियटनें साक्ष दिली व १ डिसेंबर १५८१ रोजीं टायबर्न येथें त्यांस देहान्त शासन झालें. पीटर घराण्यांतील फा. जॉन पेन ह्यांनीं न्यायासनापुढें ईलियटचीं लबाडीचीं कृत्यें उघड केलीं. तरी त्याच्याच साक्षीवरून २ एप्रिल १५८२ रोजीं तेहि चेम्सफर्ड येथें मारले गेले. ईलियटला राणीच्या पदरीं जागा मिळाली. लोकांनीं मात्र त्याला 'जुदास' हेंच नांव दिलें.

ह्या कथेचा एक धागा आमच्या भाषेशींहि जुळतो. कॅम्पियन ह्यांचें निवेदन १५८० सालीं लोकांत पसरविणारे थॉमस पाउंड व 'क्रिस्तपुराण'कर्ते फा. थॉमस स्टीफन्स हे जिवलग मित्र. पाउंड इंग्लंडांत बंदिवासांत पडले. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास पोंचले, आणि १६१६ सालीं मराठीस तो ग्रंथ लाभला.

शिक्षा ठरल्यावर ईलियट कॅम्पियन ह्यांच्या कोठडींत गेला. गोष्ट ह्या थरास जाईल असें वाटलें नव्हतें, असें म्हणून, कॅथलिक लोक सूड घेतील ही भीति त्यानें बोलून दाखविली. कॅम्पियन ह्यांनीं त्याला क्षमा केली, पश्चात्तापाचा उपदेश केला, आणि जर्मनींतील एका कॅथलिक सरदाराच्या आश्रयास पाठविण्याची तयारी दर्शविली. ईलियट गेला नाहीं. पण जवळ असलेल्या पहारेकऱ्याचें मन पालटलें व तो पुढें कॅथलिक झाला.

कॅम्पियन व पेन ह्यांस २५ ऑक्टोबर १९७० रोजीं संतपद मिळालें. त्यांचें धैर्य आपणां सर्वांस साधेलच असें नाहीं. परंतु आपला विश्वासघात करणाऱ्याच्या सुरक्षिततेची काळजी वाहण्याचा हा धडा प्रत्येक घरीं गिरवितां येण्याजोगा आहे.