अडगळीतला मुखवटा आणि ३५ कोटी: विकणाऱ्याला किंमत माहीत नसेल, तर स्वस्तात घेणं योग्य आहे का?

२०२१ साली फ्रान्समधल्या एका वृद्ध जोडप्यानं घरातलं जुनं सामान काढायचं ठरवलं. त्यात आफ्रिकेतून आलेला एक लाकडी मुखवटा होता. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं तो १५० युरोंना, म्हणजे साधारण १३ हजार रुपयांना घेतला. मार्च २०२२ मध्ये माँपेलिए शहरातल्या लिलावात त्याच मुखवट्यावर ४२ लाख युरोंची बोली लागली. रुपयांत सांगायचं तर सुमारे ३५ कोटी!

जोडप्याला हे कळलं ते वर्तमानपत्रातून. प्रकरण कोर्टात गेलं, आणि एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. समोरच्याला आपल्या वस्तूची खरी किंमत माहीत नाही आणि आपल्याला आहे, अशा वेळी गप्प राहून ती वस्तू घ्यावी का?

जुनी नाणी, तिकिटं, पुस्तकं, पितळेची भांडी, सिनेमाची पोस्टर्स, ग्रामोफोनच्या तबकड्या यांचा शौक असलेल्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो की मोबाइलवरची 'विकणे आहे' अशी जाहिरात.

कोर्टानं काय म्हटलं?

हा मुखवटा गॅबनमधल्या फँग समाजाचा, 'न्गील' प्रकारचा होता. असे मुखवटे जगात फारच थोडे उरले आहेत. जोडप्याच्या घराण्यातले एक पूर्वज आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीचे अधिकारी होते, त्यांच्यामार्फत तो घरात आला होता.

जोडप्याचं म्हणणं होतं की व्यापाऱ्याला अंदाज असूनही तो बोलला नाही. व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की मी काही आफ्रिकी कलेचा जाणकार नाही. त्यानं मधल्या काळात ३ लाख युरो देऊ केले होते, पण तडजोड झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेस इथल्या कोर्टानं जोडप्याचा दावा फेटाळला. विकण्याआधी तुम्ही वस्तूचं मूल्य जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता.

याच खटल्यात गॅबन सरकारनंही मुखवट्यावर हक्क सांगितला होता. तोही मान्य झाला नाही. पण त्या मागणीनं आणखी एक प्रश्न उभा केला: मुळात ही वस्तू नक्की कोणाची?

याआधी असं घडलंय का?

अनेकदा. त्यातली दोन प्रकरणं कायद्याच्या वर्गात आजही शिकवली जातात.

पहिलं फ्रान्समधलंच. एका बाईनं १९८६ मध्ये एदुआर बाल्दुस या एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकाराचे ५० फोटो लिलावात विकले, प्रत्येकी १ हजार फ्रँकला. पुढे तिनं स्वतःच त्या खरेदीदाराला शोधून काढलं आणि आणखी ८५ फोटो त्याच भावानं दिले. बाल्दुस किती नावाजलेला आहे हे तिला नंतर समजलं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ३ मे २००० रोजी निकाल दिला की किमतीबद्दल माहिती देण्याचं बंधन खरेदीदारावर नाही.

दुसरं अमेरिकेतलं, १८८५ सालचं. विस्कॉन्सिनमधल्या एका बाईनं सापडलेला खडा सराफाला १ डॉलरला विकला. तो पुष्कराज असावा असं दोघांनाही वाटलं होतं. निघाला कच्चा हिरा, साधारण ७०० डॉलरचा. व्यवहार कायम राहिला, कारण इथे कोणी काही लपवलंच नव्हतं. दोघंही सारखेच अजाण होते.

हा फरक महत्त्वाचा आहे. नशिबानं लागलेली लॉटरी वेगळी, आणि समोरच्याचं अज्ञान ओळखून केलेला सौदा वेगळा.

भारतातला कायदा काय सांगतो?

आपल्याकडे यासाठी १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो. त्यातली उदाहरणं आजही वाचण्यासारखी आहेत.

कलम २५ म्हणतं की किंमत कमी आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. हजार रुपयांचा घोडा कुणी राजीखुशीनं दहा रुपयांना विकला, तरी तो करारच. मात्र संमती खरंच मोकळेपणानं दिली होती का, हे ठरवताना कोर्ट त्या कमी किमतीकडे पाहू शकतं. कलम २० च्या स्पष्टीकरणानुसार वस्तूच्या मूल्याबद्दलचा चुकीचा अंदाज ही 'वस्तुस्थितीबद्दलची चूक' मानली जात नाही.

कलम १७ फसवणुकीबद्दल आहे. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं ते सांगतं. दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला भाव बदलल्याची खासगी खबर असेल, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही, असं उदाहरणच तिथे दिलंय.

पण याला दोन अपवाद आहेत. पहिला, नात्यामुळे बोलण्याची जबाबदारी येते तेव्हा. दुसरा, जेव्हा गप्प राहणं हेच बोलण्यासारखं असतं. 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी सगळं ठीक आहे असं धरतो', असं समोरचा म्हणाला आणि आपण गप्प बसलो, तर ते मौन हे उत्तर ठरतं.

शिवाय कलम १६ आहे. वय, आजारपण किंवा मानसिक त्रासामुळे खचलेल्या माणसावर आपलं वजन वापरून सौदा केला, तर तो करार रद्द होऊ शकतो.

एक गंमत लक्षात घ्या. आपला ग्राहक संरक्षण कायदा विकत घेणाऱ्याला जपतो, कारण विकणाऱ्याला वस्तूची जास्त माहिती असते असं गृहीत आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे नेमकं उलटं होतं. तिथे अजाण असतो तो विकणारा, आणि त्याच्यासाठी असं खास कवच नाही.

कायद्यात बसतं, मग वाद कसला?

वाद दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोनं एक उदाहरण दिलंय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्यानं ते सांगावं का? डायोजिनिस आणि अँटिपेटर या दोन तत्त्वज्ञांची दोन उत्तरं होती. पहिल्याच्या मते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. दुसऱ्याच्या मते सांगायलाच हवं. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूनं उभा राहिला.

त्याच ग्रंथात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट येते. त्याला जमीन घ्यायची होती. विकणाऱ्यानं किंमत सांगितली. स्केव्होला म्हणाला, ही जमीन जास्त मोलाची आहे, आणि त्यानं १ लाख सेस्टर्स आपणहून वाढवून दिले. तो सज्जन होता हे लोक मान्य करत, पण शहाणा होता हे मात्र नाही, असं सिसेरो नोंदवतो. आजही प्रतिक्रिया वेगळी येणार नाही.

खरेदीदाराची बाजूही पोकळ नाही. नाण्यावरची टांकसाळीची खूण ओळखायला किंवा पुस्तकाची पहिली आवृत्ती पारखायला वर्षं जातात. दहा वस्तू घेतल्या तर नऊ साध्या निघतात. जाणकाराला काहीच फायदा होणार नसेल, तर तो रद्दीचे ढीग उपसायला जाणार नाही, आणि अनेक दुर्मिळ वस्तू थेट लगद्यात किंवा भट्टीत जातील. अमेरिकी कायदेतज्ज्ञ अँथनी क्रॉनमन यांनी १९७८ मध्ये साधारण हाच मुद्दा मांडला: मेहनतीनं मिळवलेली माहिती स्वतःजवळ ठेवायची मुभा असावी, योगायोगानं कानावर आलेली नव्हे.

हा युक्तिवाद नफ्याचं समर्थन करतो. कितीही नफ्याचं मात्र नाही. ज्ञानाचा मोबदला घेणं एक, आणि वस्तूचं जवळजवळ सगळं मोल घेऊन जाणं दुसरं.

मग रेषा कुठे ओढायची?

चार गोष्टी पाहिल्या तर बरंच स्पष्ट होतं.

१. विकणारा कोण आहे? दुकान थाटून बसलेल्या व्यापाऱ्यानं स्वतः भाव लावला असेल, तर वस्तू पारखणं त्याचंही काम आहे. पण घर रिकामं करणाऱ्या आजी किंवा औषधपाण्यासाठी भांडी मोडीत काढणारं कुटुंब यांच्याशी होणारा सौदा बरोबरीचा नसतो. आणि रद्दीवाला? तो रोज व्यवहार करतो, पण तिकिटांचा जाणकार असेलच असं नाही. त्याला आपण व्यापारी म्हणतो ते बऱ्याचदा आपल्या सोयीसाठी.

२. त्यानं तुम्हाला विचारलं का? 'याचं काय येईल हो?' असा प्रश्न आला, की तुम्ही नुसते गिऱ्हाईक राहत नाही. त्यानं तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. इथे खरं सांगा, किंवा 'मी सांगणार नाही, दुसऱ्याला दाखवा' म्हणा.

३. तुम्ही गप्प आहात की खोटं बोलताय? 'हल्ली कोण घेतंय असलं!', 'मोडीतच जाणार हे', 'मुलांना खेळायला हवंय'. ही वाक्यं घासाघीस म्हणून खपवली जातात. वस्तू मोलाची आहे हे ठाऊक असताना ती बोलली, तर ते मौन नाही, फसवणूक आहे.

४. फरक किती आहे? पाचशेची वस्तू दोनशेला मिळणं हा बाजार आहे. लाखाची वस्तू शंभराला मिळते, तेव्हा विकणाऱ्यानं आपण ओळखतो ती वस्तू विकलेलीच नसते.

शेवटची कसोटी सोपी आहे. उद्या त्याला खरी किंमत कळली, तर त्याच्या समोर उभं राहून हा सौदा सांगता येईल का?

मधला मार्ग आहे का?

आहे. 'ही वस्तू मोलाची असू शकते, मी विकून बघतो, येईल त्यातला ठरलेला हिस्सा तुमचा', असं लिहून घेता येतं. किंवा आत्ता थोडी रक्कम द्यायची आणि पुढे जास्त भाव आला तर वाटा द्यायचा. जाणकाराला मेहनतीचे पैसे मिळतात, मालकही नागवला जात नाही.

विकणाऱ्यानं काय काळजी घ्यावी?

- घर रिकामं करताना सगळं एकगठ्ठा देऊ नका. आधी फोटो काढा, नोंद करा.
- एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जाणकारांना दाखवा.
- ऑनलाइन बघताना लोकांनी मागितलेली किंमत नव्हे, वस्तू प्रत्यक्षात विकली गेली ती किंमत पाहा.
- नाणी आणि जुनी धातूची कामं घासूनपुसून लख्ख करू नका. मोल कमी होतं.
- 'जुनी नोट विका, लाखो कमवा' अशा मेसेजना भुलू नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

आणि वस्तू दोघांचीही नसेल तर?

शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेतात सापडलेली मूर्ती कुणी 'स्वस्तात' देऊ करत असेल, तर तिथे किंमत वाजवी आहे का हा प्रश्नच उरत नाही. ती मूर्ती विकायचा हक्क मुळात समोरच्याला आहे का, हे आधी बघावं लागतं.