खोक्यासकट

आमच्या घरी वस्तू जातात आणि खोके राहतात. मिक्सर बिघडला, दुरुस्त झाला, पुन्हा बिघडला आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढून गेला. त्याचा खोका मात्र अजून माळ्यावर आहे. टेबलफॅनचा आहे. पहिल्या टीव्हीचाही आहे, आणि त्यात गणपतीची आरास राहते. "असू दे, बदली झाली तर सामान भरायला होईल" असं म्हणून हे सगळे खोके ठेवले गेले. बदली झालीच नाही. मी एकाच कचेरीतून, एकाच खुर्चीवरून निवृत्त झालो. तरी खोका टाकायचा विषय काढला की आमच्या सौभाग्यवती अशा चेहऱ्यानं बघतात, की जणू मी माळ्यावरचे पूर्वज खाली उतरवायला निघालोय.

रिकाम्या खोक्यावर एवढी माया फक्त मराठी मध्यमवर्गच करू शकतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती माझ्या भाच्यानं घालवली.

भाचा गेली वीस-पंचवीस वर्षं न्यू जर्सीत असतो. कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार सांगता येतो. त्याच्याकडे राहायला गेलो असताना एके दिवशी त्यानं मला घराच्या तळघरात नेलं. दाराशीच थांबवून म्हणाला, "मामा, हात धुतलेस ना?" मला वाटलं, देवघर दिसतंय. आत भिंतभर फडताळं, फडताळांत पुठ्ठ्याचे खोके, आणि प्रत्येक खोक्याच्या अंगावर पारदर्शक प्लास्टिकचा आणखी एक खोका. माळा आमच्याकडेही आहे. पण खोक्याला खोका घालण्याइतकी मजल आमची अजून गेलेली नाही.

"यात काय आहे?"

"व्हिडिओ गेम. सत्तर, ऐंशी, नव्वदच्या दशकांतले."

"खेळतोस?"

"छे छे!" सोवळ्यात असताना कुणी वडापाव पुढे करावा, तसा तो दचकला.

मग त्यानं मला या शास्त्राची परिभाषा शिकवली. नुसती कॅसेट असेल तर ती 'लूज'. खोका, माहितीपुस्तिका आणि आतले सगळे कपटे जागच्या जागी असतील तर ती 'सीआयबी', म्हणजे 'कंप्लीट इन बॉक्स'. आणि कारखान्यातून आल्यापासून कुणी उघडलीच नसेल तर 'सील्ड'. तिच्यापुढे आवाज खाली आणून बोलायचं. जपानी लोक याहून स्पष्टवक्ते. ते बिनखोक्याच्या कॅसेटला 'हादाका' म्हणतात, म्हणजे सरळ नागडी. खोका आणि पुस्तिकेसकट असेल ती 'हाकोसेत्सु-त्सुकी'. आपल्याकडे 'सालंकृत' म्हणतात, तसलाच काहीसा थाट.

एवढं ऐकल्यावर मी विचारलं, की खेळ आत आहे, मग खोक्याचं एवढं काय? त्यावर त्यानं मला जो इतिहास सांगितला, आणि नंतर मी स्वतः जो वाचत बसलो, तो निदान आमच्या शाळेतल्या सनावळ्यांपेक्षा रंजक निघाला.

अटारी कंपनीनं १९७७ साली अमेरिकेत घरातल्या टीव्हीला जोडायचं, कॅसेटी बदलायचं यंत्र आणलं. त्या काळी पडद्यावर दिसायचं काय, तर एक चौकोन दुसऱ्या चौकोनाचा पाठलाग करतोय. तो चौकोन म्हणजे विमान, असं आपण समजायचं. पण खोका! खोक्यावर चांगल्या चित्रकारांनी रंगवलेली चित्रं असायची. क्लिफ स्पॉन नावाच्या चित्रकारानं सुरुवातीचे बरेच खोके रंगवले. विमानं, रणगाडे, घाम फुटलेले वैमानिक, धुराचे लोट. मुलगा खोका बघून कॅसेट घ्यायचा आणि पडद्यावरच्या चौकोनात खोक्यावरचा वैमानिक स्वतःच्या मनानं बसवायचा. निम्मा खेळ पुठ्ठ्यावर होता, असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे सिनेमाच्या पोस्टरनं हेच काम वर्षानुवर्षं केलं आहे.

पण चित्र कितीही चांगलं असलं, तरी आत काहीतरी असावं लागतं. १९८२ च्या नाताळासाठी अटारीनं 'ई. टी.' या गाजलेल्या सिनेमावर खेळ काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसानं तो पाच आठवड्यांत लिहून दिला. पाच आठवड्यांत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं कोटेशनसुद्धा येत नाही, तेव्हा त्या गृहस्थाला नावं ठेवायची मला इच्छा नाही. पण खेळ आपटला, पाठोपाठ अमेरिकेतला सगळा धंदाच आपटला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीनं न विकलेला आणि परत आलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावच्या कचरा-खड्ड्यात पुरला. वर काँक्रीट ओतलं. असं काही झालंच नाही, ही नुसती अफवा आहे, असं तीस वर्षं लोक म्हणत राहिले. मग २६ एप्रिल २०१४ रोजी रीतसर उत्खनन झालं. मोहेंजोदडोला खापरं निघाली, इथे चेपलेल्या खोक्यांसकट 'ई. टी.' निघाली. अटारीच्या एका जुन्या अधिकाऱ्यानं पुरलेल्या कॅसेटींचा आकडा ७ लाख २८ हजार सांगितला. वर काढल्या त्या साधारण तेराशे. दुकानात ज्यांना कुणी हात लावला नव्हता, त्याच कॅसेटी आता गावाच्या नगरपालिकेनं दाखल्यासकट विकल्या आणि लोकांनी लाखभर डॉलर मोजून नेल्या. एक तर स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली. कचऱ्याला नगरपालिकेचा दाखला मिळतो, हे वाचून मला आमच्या वॉर्डातला कोपरा आठवला. पण ते असो.

या आपटण्याचा परिणाम खोक्यावर झाला. क्योतोत १८८९ साली पत्ते छापायला म्हणून सुरू झालेली निन्तेन्दो ही जपानी कंपनी ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कात आपलं यंत्र घेऊन उतरली, तेव्हा गिऱ्हाईक पोळलेलं होतं. म्हणून त्यांनी काळ्या खोक्यावर वैमानिक, धूर वगैरे काही न रंगवता, पडद्यावर जे ठोकळेबाज चित्र दिसतं तेच मोठं करून छापलं. मालाचं चित्र मालासारखं! जाहिरातीच्या इतिहासात हा प्रामाणिकपणा फार काळ टिकला नाही, पण टिकला तोवर सुंदर दिसला. या पहिल्या खोक्यांना पाठीमागे दुकानातल्या खुंटीला टांगण्यासाठी एक पाकळी असायची. ती पुढे गेली. सुरुवातीला खोका नुसत्या गोल चिकटपट्टीनं बंद करत. मग प्लास्टिकचं आवरण आलं. पाकळी आहे का, पट्टी आहे का, यावरून माझा भाचा खोक्याचं साल काढतो. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदाचा वळणावरून काळ ठरवतात ना, अगदी तोच सूर. "मामा, ही पाकळीनंतरची आहे" हे तो 'पानिपतानंतरची' या चालीवर म्हणतो.

आता एवढे खोके गेले कुठे? अहो, मुलांनी फाडले. नाताळच्या सकाळी झाडाखालची भेट उघडताना खोक्याची पाकळी जपणारं मूल जन्माला यायचं होतं. उरलेले आयांनी टाकले, कारण तिथल्या आयांची कधी बदलीच होणार नसावी. भाड्यानं कॅसेटी देणाऱ्या दुकानांत तर खोका कापणं आणि पुस्तिका हरवणं हा धंद्याचाच भाग होता. हरवलेल्या पुस्तिकांऐवजी छायाप्रती देतात म्हणून निन्तेन्दोनं १९८९ साली ब्लॉकबस्टर या अशा दुकानांच्या बड्या कंपनीवर खटला भरला होता. त्याच साली सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीनं आपलं नवं यंत्र तिथे आणलं आणि कॅसेटी प्लास्टिकच्या मजबूत डबीत दिल्या. त्या डब्या टिकल्या, म्हणून आज त्यांना तेवढा भाव नाही. पुठ्ठा फाटला, म्हणून तो मौल्यवान.

'एअर रेड' नावाची अटारीच्या यंत्रावर चालणारी एक दुर्मीळ कॅसेट आहे. तिचा खोका २०१० पर्यंत एकाही संग्राहकानं पाहिला नव्हता. पहिला खोका दिसला तेव्हा ती प्रत ३१,६०० डॉलरना गेली. खेळ जेमतेमच आहे म्हणतात.

खोक्याच्याही आधी, कॉम्प्युटरवरच्या पहिल्या खेळांना खोकाच नव्हता. १९८० च्या सुमारास रिचर्ड गॅरियटनं स्वतः केलेला खेळ आईनं काढलेल्या चित्रासकट झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घालून दुकानात टांगला. आमच्याकडे कोथिंबीर ठेवतात ना, तसली पिशवी. ती पिशवी आज संग्राहकांचा कौस्तुभमणी आहे. पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट १९८४ ची. डग्लस ॲडम्स या इंग्रज विनोदी लेखकाच्या कादंबरीवर इन्फोकॉम कंपनीनं खेळ काढला आणि खोक्यात गमतीच्या वस्तू घातल्या: पूर्ण काळा गॉगल, खिशातला कापसाचा बोळा, पृथ्वी पाडण्याचा सरकारी हुकूम आणि एक 'अतिसूक्ष्म अंतराळ-आरमार'. हे आरमार म्हणजे चक्क रिकामी प्लास्टिकची पिशवी. आता, खोक्यातली प्रत्येक वस्तू मूळची हवी हा या पंथाचा दंडक. म्हणजे पिशवी तर मूळची हवीच, शिवाय तिच्यातलं काहीच-नसणंसुद्धा मूळचं हवं. अद्वैत वेदान्तावरची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आहेत; एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे यात पैसा आला. २०१८ च्या सुमारास सील्ड खोक्यांना दहापैकी गुण देणारी कंपनी निघाली. आवरणाला वेगळे 'ए प्लस प्लस' वगैरे. १९८६ च्या नाताळासाठी आणलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' कुणीतरी टेबलाच्या खणात विसरलं. एप्रिल २०२१ मध्ये त्या विसराळूपणाला डलासच्या लिलावात ६ लाख ६० हजार डॉलर आले. जुलैत १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' ला १५ लाख ६० हजार. हा खेळ काही दुर्मीळ नव्हे. जगभर एक कोटीच्या वर खपला. फक्त हा खोका कुणी उघडला नव्हता. मुंबईच्या बोलीत एक कोटी रुपयाला खोका म्हणतात, त्या हिशेबानं एका खोक्याला अकरावर खोके पडले. (२०२२ नंतर महाराष्ट्रात हा शब्द उच्चारताना इकडेतिकडे बघावं लागतं, म्हणून इथेच थांबतो.)

त्याच २०२२ साली अमेरिका-युरोपातल्या खोकेवाल्यांत हाहाकार उडाला. पिशवीच्या काळातले काही महागडे खेळ बनावट असल्याचा आरोप एका नावाजलेल्या संग्राहकावर झाला. छपाईचे ठिपके आजचे निघाले आणि काही फ्लॉप्या चक्क कोऱ्या होत्या, असं इतरांचं म्हणणं. लोकांनी हजारो डॉलर देऊन त्या घेतल्या होत्या, आणि फ्लॉपी यंत्रात घालून पाहायचं कित्येक वर्षं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मी भाच्याला म्हणालो, "अरे, म्हणजे जो मुलगा खेळला त्याची किंमत कमी, आणि ज्यानं खेळ उघडलाच नाही तो लखपती?" तो नुसता हसला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, आमचा टीव्ही गेम आठवतो?"

आठवतो तर! नव्वदच्या सुरुवातीला त्याच्या बापानं लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. जपानी यंत्राची नक्कल. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं, '९९९९९९९ इन वन'. प्रत्यक्षात खेळ दहाबारा, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली होती. खोका नाही, पुस्तिका नाही, चित्र नाही. चाळीत एकाची कॅसेट दुसऱ्याकडे जायची, चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. त्या लाखो खेळांना खोके असतात, त्यावर चित्रं असतात, हे त्याला अमेरिकेत गेल्यावर कळलं. म्हणजे ही भिंतभर खोक्यांची रास त्याच्या लहानपणाची नव्हेच. दुसऱ्याच कुणाच्या लहानपणाची ही खोकी तो चाळिशीत विकत घेत होता.

त्यातला एक त्यानं मला काढून दाखवला. 'स्टारट्रॉपिक्स', १९९०. खोक्याच्या कोपऱ्यावर बॉलपेननं कुणा पोरानं आपलं नाव लिहिलेलं, म्हणून त्याला थोडा स्वस्तात मिळालेला. पण आत एक चिठ्ठी शाबूत होती. खेळातल्या मुलाला त्याच्या हरवलेल्या काकाची ही चिठ्ठी. (आडनाव एकच, म्हणजे काकाच. अशी जोखमीची कामं मामावर कुणी सोपवत नाही.) खेळात बरंच पुढे गेल्यावर निरोप येतो, की ती चिठ्ठी पाण्यात बुडव. पडद्यावरची नव्हे, खोक्यातली, खरी. बुडवली की लपलेला आकडा दिसतो. खेळणाऱ्यांनी ती बुडवली, म्हणून कोरडी चिठ्ठी दुर्मीळ. त्या पोरानं नाव तेवढं लिहिलं होतं. एवढ्या लांब तो कधी पोचलाच नसावा.

भाच्याची दहा वर्षांची लेक ती कॅसेट सुट्टीभर खेळत होती. कॅसेटला परवानगी, खोक्याला नाही. एका संध्याकाळी ती त्या जागी पोचली.

"बाबा, चिठ्ठी."

"७४७," भाचा सोफ्यावरूनच म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"सगळ्या जगाला माहीत आहे, बेटा. तीस वर्षं झाली."

"पण आपल्याकडे चिठ्ठी आहे ना?"

यावर तो काही बोलला नाही. आकडा न घालताच तिनं यंत्र बंद केलं. रात्री जेवताना बापलेकीत शब्द नव्हता. सूनबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उतरलो, तर स्वयंपाकघरात वरणाचं पातेलं पाण्यानं भरून टेबलावर ठेवलेलं. लेक खुर्चीवर उभी. भाच्याचे हात धुतलेले. चिठ्ठी त्याच्या हातात होती, आणि ती पाण्यात सोडायला त्याला मुलीच्या शाळेत सोडण्याच्या पहिल्या दिवसाइतका वेळ लागला. मग अक्षरं वर आली, आणि लेकीनं जी किंकाळी मारली ती शेजारच्या गुजराती कुटुंबानं ऐकली असणार.

त्याच्याकडे सगळ्या खोक्यांची एक वही आहे. नाव, साल, पुस्तिका, कपटे, स्थिती. दुपारी तो वही घेऊन बसला. 'स्थिती' या रकान्यात तो बराच वेळ काही लिहीना. शेवटी त्यानं आधीचं 'कोरडी' खोडलं आणि देवनागरीत लिहिलं, 'भिजली'. पुढे कालची तारीख घातली. मी म्हणालो, "अरे, भिजली ती आज." त्यानं ती दुरुस्त केली.